सातवा हात

जळगाव
९ जानेवारी २०२५

आदरणीय विधीताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी कामिनी रतिलाल भंगाळे, जळगावच्या एका इंटिरिअर डिझाइन स्टुडिओत काम करते. धुळ्याला देवपुरात तुमच्या वडिलांचा, कांतीलालजींचा, नवा बंगला उभा राहिला आहे आणि त्याचं आतलं काम आमच्याकडे आहे. पाचव्या गल्लीतलं दुकानावरचं घर विकलं गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नव्या घरात प्रवेश आहे.

आमच्या स्टुडिओची पद्धत जरा वेगळी आहे. आधी कपाटं आणि फरशा दाखवायच्या नाहीत, आधी माणसं ऐकायची. मी घरातल्या प्रत्येकाला एकच सांगते: डोळे मिटा आणि जुन्या घरात फिरा, हात कुठे कुठे लागतो ते सांगा. कांतीलालजी म्हणाले, जिन्यातला दोर. तो धरल्याशिवाय त्यांना वर चढताच येत नाही. तुमचे भाऊ अनुज म्हणाले, मागच्या खोलीतलं शॉक देणारं बटण. रुचीवहिनींना काही आठवलं नाही, पण त्या घरात येऊन त्यांना फार वर्षं झालेली नाहीत. त्यांचा छोटा अर्हम म्हणाला, "दादीची टाळू." तो येता-जाता तुमच्या आजींच्या, प्रेमकुंवर दादींच्या, डोक्यावर टपली मारतो म्हणे.

अशा गोष्टींतून घर उभं करायचं, हे मला मनापासून पटतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. फैजपूरजवळच्या आमच्या गावात वडील लोकांना सांगतात, पोरगी बंगले सजवते. आई विचारते, "म्हणजे रंगारी का व?" मी तिला सांगते, नाही, मी लोकांच्या आठवणींना जागा करून देते. ती म्हणते, "मंग पगार कोण देतं?"

घरापासून लांब राहणाऱ्यांनाही आम्ही विचारतो. तुमच्या तिन्ही आत्यांशी फोनवर बोलले. तुमचा नंबर कुणाकडे मिळाला नाही, म्हणून हे पत्र. पाचव्या गल्लीतल्या घरात डोळे मिटून फिरलात तर तुमचा हात कुठे लागेल? चार ओळी लिहून पाठवल्यात तर तुमचीही जागा ठेवता येईल.

आपली,
कामिनी भंगाळे


धुळे
२ फेब्रुवारी २०२५

विधीताई,

उत्तर आलं नाही. यायचंही नव्हतं, हे मला आता कळतंय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुमचा नंबर कुणाकडे मिळाला नाही. खरं म्हणजे मी तो कुणाला विचारलाच नव्हता, कारण तुम्ही आहात हेच घरातल्या कुणी सांगितलं नव्हतं. "मुलं किती?" असं मी कांतीलालजींना पहिल्याच दिवशी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि "अनुज" एवढंच म्हणाले. तुमचं नाव मला प्रेमकुंवर दादींनी दिलं. तोंडावर बांधायची मुहपत्ती ठेवायच्या बटव्यातून त्यांनी कापडाचा एक तुकडा काढला. तुम्ही सुरतहून त्यांना शाल पाठवली होती ना, त्या पार्सलच्या शिवलेल्या कापडावरचा पत्त्याचा भाग त्यांनी कात्रीने कापून ठेवला आहे. "बठ्ठासले इचारस, मन्ही विधीले काब्रं नही इचारत?" असं म्हणाल्या. सगळ्यांना विचारतेस, तर माझ्या विधीला का नाही? मग मी पत्र लिहिलं आणि जणू स्टुडिओच पाठवतोय असा आव आणला.

दादी माझ्याशी अहिराणीत बोलतात. मला ती पूर्ण येत नाही, आमच्याकडची बोली वेगळी. रुचीवहिनींना हे आवडत नाही. "दादीजी, हिंदी में बोलिए ना, गावठी वाटतं," असं म्हणतात. दादी मान हलवतात आणि पुढचं वाक्य पुन्हा अहिराणीतच बोलतात. नरडाण्याकडच्या खेड्यात दुकानाच्या गल्ल्यावर तरुणपण गेलं, आता कुठली भाषा शिकू, म्हणतात.

आज आम्ही दोघी जुन्या घरी गेलो होतो. दादींनी मला मधल्या खोलीतली भिंत दाखवली. ती तुम्हाला माहीत आहेच, पण मी पहिल्यांदा पाहिली. कुंकवाचे थापे. लग्न होऊन घरात येणारी सून येताना हात उमटवते आणि सासरी जाणारी लेक जाताना. दादी खेड्यातून या घरात राहायला आल्या त्या दिवशीचा त्यांचा हात, तुमच्या आईंचा, तीन आत्यांचे, रुचीवहिनींचा. रंग उडालाय, पण प्रत्येक हात वेगळा कळतो. तुमच्या आई आता नाहीत, त्यांना मी पाहिलं नाही, पण त्यांची बोटं किती लांब होती! आणि खाली, माझ्या गुडघ्याच्या वर, एक इवलासा पंजा.

त्याची गोष्ट दादींनी सांगितली. धाकट्या आत्याच्या बिदाईला सगळे रडत होते, तेव्हा पाच वर्षांच्या तुम्ही थाळीत हात बुडवून भिंतीवर ठेवून दिला. रडणारे सगळे हसायला लागले. आजोबा म्हणाले, "घ्या! हिची पण बिदाई झाली. एका मांडवात दोन, खर्च वाचला." पुसायला निघालेल्या बाईचा दादींनी हात धरला.

पुढचं दादींनी सांगितलं नाही. जितेंद्रभाऊंशी तुम्ही लग्न केलंत, घरच्यांच्या मनाविरुद्ध, कोर्टात, आणि तेव्हापासून घरात तुमचं नाव निघत नाही, हे मला आमच्या पेंटरकडून कळलं. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

त्या पंजाचा फोटो काढला. सोबत ठेवते आहे. मी आमच्या स्टुडिओच्या सरांना सुचवणार आहे की ही भिंतच नव्या घरात न्यायची. प्लास्टर कापून काढता येतं. त्याच्यासारखी गोष्ट दुसरी कुठली असणार?

कामिनी


जळगाव
२३ फेब्रुवारी २०२५

विधीताई,

तुमचं पत्र मिळालं. दोन वाक्यांचं. "माझ्या आठवणी सजावटीसाठी नाहीत. फोटो ठेवून घेतला आहे."

पहिलं वाक्य वाचून मला राग आला. माझं काम सजावट नाही, असं तुम्हाला लांबलचक लिहिणार होते. दोन पानं लिहिलीही. मग काल धुळ्याला मीटिंग झाली आणि ती पानं फाडून टाकली.

आमचे तेजस सर आले होते. स्टुडिओ त्यांचा. ते फार छान बोलतात, कॉलेजात त्यांचं भाषण ऐकूनच मी इथे आले. त्यांनी टेबलावर नव्या हॉलचं चित्र मांडलं. शिरल्याबरोबर समोरची भिंत, मागून दिवे, त्यावर थापे. अनुजभाऊ खूश झाले. मी म्हटलं, "सर, जुनी भिंतच आणू या. कापून, फ्रेम करून."

"मेलेलं प्लास्टर आहे ते," सर म्हणाले. "रंग उडालाय. फोटोत काही दिसणार नाही. आपण नव्याने करू, ठसठशीत. फक्त सहा बरे दिसत नाहीत. सात हवेत, मधे एक आणि दोन्हीकडे तीन तीन."

मी म्हटलं, "सातवा आहे की. खाली, लहान मुलीचा."

 रुचीवहिनी म्हणाल्या, "तो डाग आहे. कुणी खेळताना लावलेला." कांतीलालजी उठले आणि हात धुवायला गेले. काही खाल्लंही नव्हतं. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता.

दादी कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी माळ थांबवली, एवढंच.

सरांनी मग तोड काढली. सातवा हात परदादीचा. राजस्थानातल्या हवेलीतून निघालेली, उंटावर बसून खानदेशात आलेली परदादी. अनुजभाऊंनी विचारलं, "पण आपली हवेली कुठे होती? आजोबा तर म्हणायचे, पाठीवर लोटा-डोरी घेऊन पायी आलो."

"लोटा-डोरी कोण दाखवतं पाहुण्यांना?" रुचीवहिनी म्हणाल्या. सर हसले. "गोष्ट ही घराला शोभेल अशी असावी लागते, अनुजभाऊ."

मला वाटलं होतं गोष्ट ऐकायची असते. इथे ती पडद्याच्या कापडासारखी निवडत होते. हे आवडलं, ते नको, हे जरा गडद आहे. पायी चालत आलेला माणूस नको, जी कधी जन्मलीच नाही ती बाई हवी, आणि जी सुरतेत जिवंत आहे ती म्हणे डाग.  सरांनी जाताना सांगितलं, "कामिनी, थाप्यांखाली लावायच्या पाटीवरचा मजकूर तू लिही. तुझं मराठी छान आहे."

तुमचं दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. फोटो ठेवलात, बरं केलंत.

कामिनी


धुळे
६ एप्रिल २०२५

विधीताई,

तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगू? घरी सांगितलं तर वडील म्हणतील, नोकरी सोड आणि ये, आणि सगळ्या गावाला कळेल की पोरीचं शिक्षण वाया गेलं.

काल हात झाले.

आत्यांना बोलवायचं ठरलं होतं, ते राहिलं. मग दादींना बाहेर आणू म्हटलं, तर रुचीवहिनी म्हणाल्या, नवी फरशी खराब होईल, त्यांचा हात थरथरतो. मग स्वतः वहिनींचा तरी? त्यांनी नखं करून घेतली होती. आणि कुंकवाऐवजी सरांनी लाल ऑइलपेंट आणला होता, कारण कुंकू टिकत नाही, उडतं. "शंभर वर्षं हलणार नाही," असं म्हणत होते.

शेवटी हिलाल पेंटरच्या बायकोला, यमुनाबाईंना, बोलावलं. त्या खाली भांडी घासत होत्या. त्यांचा हात धुऊन, पुसून, ब्रशने रंग लावून भिंतीवर दाबला. हा दादींचा. पुन्हा रंग. हा आईंचा. पुन्हा. थोरली आत्या, मधली, धाकटी. मग रुचीवहिनींचा, आणि वहिनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या, मोबाइलमध्ये घेत होत्या.

यमुनाबाई हसून म्हणाल्या, "म्हंजे आता या घरनी सासूबी मीच नि सूनबी मीच! हिलाल, माले हिस्सा मांगा लागी."

"मांग ना," हिलाल म्हणाला, "पहिले दळण आन."

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला दिसलं, यमुनाबाईंच्या करंगळीचं टोक नाही. लहानपणी कडबा कापताना गेलं असं नंतर कळलं. भिंतीवरच्या सहाही हातांची करंगळी आखूड होती. दादींची, तुमच्या आईंची, सगळ्यांची. मी कुणालाच बोलले नाही. कुणाला दिसलंही नाही. त्या भिंतीकडे सगळे बघत होते, पण हात कुणीच पाहिला नाही.

सातवा हात एका दुसऱ्या मुलीचा घेतला. परदादीचा म्हणून. त्याबद्दल लिहीत नाही.

ऑइलपेंटचा वास अजून नाकात आहे. रात्रीच्या भाकरीलाही तोच आला. तुमच्या आईंचा हात मी जुन्या भिंतीवर पाहिला आहे, लांब बोटांचा. त्याच्या नावावर हा आखूड, जाड, चिकट शिक्का. आणि त्याखाली माझ्या मराठीत लिहिलेली पितळी पाटी: "सात स्त्रियांचे हात. हवेलीपासून इथवर." ते मी लिहिलं, ताई. 'हवेली' हा शब्द मी लिहिला आणि सरांनी पाठ थोपटली. तेव्हा मला माझ्याच पाठीची किळस आली.

पाचव्या गल्लीतलं घर नव्या मालकाने पाडायला घेतलंय. मधल्या खोलीतली ती भिंत गेली. मी प्लास्टरचा तो खालचा भाग तरी काढून घ्यावा म्हणून हिलालला घेऊन गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा तिथे ट्रॅक्टर भरत होते.

दादींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोन्ही पाय तं नही दिधा ना वर?" मी म्हटलं, नाही, कुणी पाय दिला नाही. मला माहीत नव्हतं. खोटं बोलायची मला आता सवय झाली आहे.

कामिनी


जळगाव
२६ एप्रिल २०२५

विधीताई,

थोडक्यात लिहिते. आमंत्रणाचा मजकूर आला: "आखाजीला घरच्या सगळ्या लेकी माहेरी येणार." हे रुचीवहिनींनी लिहून घेतलंय. सगळ्या. मी सरांना म्हटलं, सर, 'सगळ्या' हा शब्द काढू या. ते म्हणाले, "तू ना, फार भावनिक होतेस."

कार्यक्रम असा ठरलाय: पाहुणे जमले की दादींना भिंतीसमोर उभं करायचं, हातात माइक द्यायचा, आणि त्यांनी सात हातांची गोष्ट सांगायची. हिंदीत. ती मी त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची आहे. दोनदा गेले. उंटाचं वाक्य आलं की दादी विचारतात, "त्या उंटनं नाव काय व्हतं?"

मी म्हटलं, दादी, तो उंट नव्हताच.

"मंग परदादी पडनी अशी खाले," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. नखाच्या कडेला लाल रंग अजून होता. थिनरने निघाला नव्हता.  

तुम्ही या, असं मी म्हणत नाही. मला तो अधिकार नाही आणि तुम्ही आलात तर दारात काय होईल हेही मला माहीत नाही. फक्त तारीख ३० आहे.

कामिनी


फैजपूर
४ मे २०२५

विधीताई,

सातवा हात माझा होता.

सर म्हणाले होते, "सातही एकाच बाईचे दिसायला नकोत. कामिनी, तुझा दे. जुन्या बायकांचे हात लहानच असायचे." मी दिला. का दिला, तर सगळे बघत होते आणि ब्रश ओला होता. त्यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही. तुमच्या जागेवर मी माझा हात ठेवला आणि त्यावर जी बाई कधी नव्हतीच तिचं नाव लावलं.

आखाजीच्या सकाळी मी लवकर गेले. फुलवाले दाराला माळा बांधत होते. हिलालच्या डब्यातलं थिनर घेतलं, फडकं घेतलं आणि घासायला लागले. ऑइलपेंट पुसला जात नाही, पसरतो. आधी तो हात सुजल्यासारखा झाला, मग पातळ गुलाबी, मग त्याच्याबरोबर भिंतीचा महागडा रंगही उठला, आणि खालचं प्लास्टर उघडं पडलं. फुलवाल्यांपैकी एक म्हणाला, "ताई, राहू द्या, आम्ही हार टाकतो ना त्याच्यावर." मी म्हटलं, नको.

तेजस सर आले. त्यांनी भिंत पाहिली, मग माझे हात. ओरडले नाहीत. "तू संपलीस," एवढं हळूच म्हणाले, आणि लगेच पाहुण्यांकडे वळून हसले. त्यांचं ते हसणं मला दोन वर्षं किती आवडायचं!

मी जायला निघाले होते, पण दादींनी वॉकरसकट माझी वाट अडवली. "थांब. पाठ करी लेल शे मी," म्हणाल्या.

हॉल भरला. तुमच्या तिन्ही आत्या आल्या होत्या. कांतीलालजी नवा सदरा घालून दाराशी उभे. सरांनी माइक दादींच्या हातात दिला, रुचीवहिनी मागून हळूच म्हणाल्या, "हिंदी, दादीजी, हिंदी." दादींनी माइक अर्हमच्या हातात दिला, वॉकर ढकलत भिंतीपर्यंत गेल्या, आणि पहिल्या थाप्यावर स्वतःचा हात ठेवला.

त्यांचा हात तुम्हाला माहीत आहे. बोटं आता वाकडी झालीत, तळवा बारीक. लाल पंजा चारी बाजूंनी बाहेर दिसत होता.

"हाऊ मन्हा हात नही," त्या म्हणाल्या.

लोक हसले. म्हातारी गंमत करते असं वाटलं. थोरल्या आत्या पुढे आल्या, "बघू, माझा कुठला?" त्यांनी आपला हात ठेवला. मग मधल्या. मग धाकट्या आत्या, ज्यांच्या बिदाईला तुम्ही थाळीत हात बुडवला होता, त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, माझी करंगळी कुणी खाल्ली? आणि तुझीपण? आणि भाभीचीपण?" त्यांनी सहाही हातांवरून बोट फिरवलं. "सगळ्यांचीच?"

हॉलमधल्या बायका उठून पुढे यायला लागल्या. कुणी हात लावून बघते आहे, कुणी करंगळी मोजते आहे. कुणीतरी म्हणालं, खानदानी खोट असेल. तेव्हा मात्र खरंच हशा पिकला. दाराशी यमुनाबाई आपला हात पदरात लपवून उभ्या होत्या. दादींनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, तुझी काही चूक नाही अशी.

"बठ्ठा हात एकच बाईना शेतस," दादी म्हणाल्या. "ती बाई चांगली शे. पन ती मी नही."

रुचीवहिनींचा चेहरा मला बघवला नाही. मला वाटलं होतं, या क्षणी मला आनंद होईल. झाला नाही. त्यांना फक्त चांगलं दिसायचं होतं, आणि ते कसं दिसावं हे आम्हीच त्यांना विकलं होतं. वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचीही चीड आली.

अनुजभाऊंनी विषय बदलायला विचारलं, "आणि दादी, ही जागा कशी काय खरवडली गेली? सातवी?"

सर माझ्याकडे बघू लागले. दादींनी मला बोलू दिलं नाही. त्यांनी त्या उघड्या प्लास्टरवरून तळवा फिरवला, जसा अर्हमच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांनी सगळ्यांसमोर ते नाव घेतलं:

"हाई जागा विधीनी शे. जातांना हात तिनी पहिलेच दिधा, पाच वरीसनी व्हती तव्हय. येवाना हात बाकी शे."

जायचा हात तिने आधीच दिला. यायचा राहिलाय.

 धाकट्या आत्या रडायला लागल्या. कांतीलालजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "जेवणं वाढा." एवढंच म्हणाले. मी याहून जास्त लिहिलं तर ती पुन्हा एक पाटी होईल, म्हणून लिहीत नाही.

मी बसने एरंडोलमार्गे जळगावला आले आणि तशीच पुढे गावी. आईने दार उघडलं. "काहून व, फोन नाही, काही नाही?" मग माझे लाल हात पाहिले आणि म्हणाली, "रंगारीच झाली ना शेवटी."  आखाजीचे गोड सांजोरे उरले होते, ते वाढले. आबांना, म्हणजे वडिलांना, अजून सांगितलं नाही. आज सांगणार आहे.

पण हे पत्र मी माझ्यासाठी लिहीत नाही. आज सकाळी हिलालचा फोन आला. सरांनी त्याला ती जागा पुट्टी भरून रंगवायला पाठवलं होतं. तो आधी वरचे दिवे झाकायला शिडी लावून चढला, तर कांतीलालजी बाहेर आले. त्यांनी शिडी धरली. हिलालला वाटलं पडू नये म्हणून धरली. ते म्हणाले, "उतर. राहू दे ती."

रुचीवहिनी म्हणाल्या, "पप्पाजी, कसं दिसतं ते!"

"दिसू दे," असं म्हणाले. आणि पाटी काढून घ्यायला सांगितली.

त्यांनी तुम्हाला बोलावलं आहे असं मी म्हणत नाही. ते बोलावतील की नाही मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे ते माझ्या कामातलं. त्या हॉलच्या सगळ्या भिंतींवर धुता येणारा रंग आहे, त्यावर कुंकवाचा हात उमटत नाही, ओघळून जातो. मी घासलं तेवढ्या जागेवर मात्र उघडं प्लास्टर आहे, खरबरीत आणि कोरडं. साधारण तुमच्या छातीच्या उंचीला. तिथे कुंकू धरेल.

कामिनी